चौदावी खुर्ची

वोल्फ्सबुर्गच्या घरी आमचं सामान पोचायच्या आधी वाईकरांचा फोन पोचला. जर्मनीत भाड्याचं घर दिव्यांशिवाय मिळतं, छताला नुसत्या वायरी लोंबत असतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे संध्याकाळच्या अंधारात चाचपडत मी माझ्या नवऱ्याचा, मंदारचा, मोबाईल उचलला.

"वाईकर बोलतोय. दुसरा मजला. तुम्ही तिसऱ्यावर आलात असं कळलं. कुठले तुम्ही?"

"पुण्याचे."

"पुण्याचे सगळेच असतात. मूळचे?"

मी मूळ गाव सांगितलं, माहेरचं आडनावही सांगितलं. मग आवाज आला, "रविवारी पाच वाजता या. सिनेमा दाखवतो. चहा मिळेल."

मंदारला हे सांगितल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वाईकर त्याच्याच कंपनीत होते, त्याच्यापेक्षा कितीतरी वर, आणि त्याची प्रोबेत्साइट चालू होती. पहिल्या सहा महिन्यांत कंपनी पुढचं काही न विचारता नारळ देऊ शकते, त्या मुदतीला हे नाव. ऑफिसातल्या मराठी मंडळींनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की नवीन मराठी कुटुंब आलं की वाईकर त्याला सिनेमा दाखवतात आणि तो सिनेमा म्हणजे परीक्षा असते. कशाची परीक्षा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण माणूस भयंकर शिष्ट, त्यांना जातकुळी बघितल्याशिवाय घास गिळत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

रविवारी आम्ही कपडे इस्त्री करून, जीव मुठीत धरून खाली गेलो.

दार उघडलं ते सूट घातलेल्या गृहस्थांनी. घरात, रविवारी, टाय! उंच, सावळे, साठीला टेकलेले, केस मागे बसवलेले. दिवाणखान्यात कोच होता, त्याच्यासमोर टीव्ही, आणि वाईकरांची स्वतःची खुर्ची टीव्हीच्या बाजूला, तोंड आमच्याकडे करून. सिनेमा आम्ही बघायचा होता. ते आम्हाला बघणार होते.

सिनेमा जुना, ब्रिटिश, काळा-पांढरा. मी पुढे पुष्कळ शोधला, मला कुठे सापडला नाही. एका लॉर्डाच्या घरी, त्याला धरून, चौदा माणसं जेवायला बसतात. सूपच्या आधीच एक म्हातारी मरते. आता उरले तेरा, आणि तेरा म्हणजे अपशकुन. म्हणून तबेल्यातल्या एका पोऱ्याला कोट चढवून चौदाव्या खुर्चीवर बसवतात. पुढच्या पदार्थाला आणखी कोणीतरी मरतं, मग माळी येऊन बसतो. मग स्वयंपाकीण, मग गाडीवान. मेलेल्यांचं कोणाला काही नाही, काळजी एवढीच की आता चौदावा कुठून आणायचा. शेवटी टेबलाभोवती लॉर्ड आणि बारा नोकर एवढेच उरतात. भिंतीशी पगडी घातलेला एक हिंदी नोकर सुरुवातीपासून तबक धरून उभा असतो. लॉर्ड त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, मग तेराच बसू. ग्लास उचलतो, पितो आणि मरतो. टेबलावर बारा राहतात, अपशकुन टळतो, सगळे जेवायला लागतात. पगडीवाला तसाच उभा. त्याच्या तोंडी अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही. आणि तोही कोणी हिंदी माणूस नव्हताच, एका गोऱ्याच्या तोंडाला काजळी फासली होती.

मंदार सगळीकडे हसला. लॉर्डाच्या त्या शेवटच्या वाक्याला तर तो मांडीवर थाप मारून हसला, कारण नोकरी टिकवायची तर साहेबांच्या सिनेमाला हसलं पाहिजे असा त्याचा हिशेब. मी हसले नाही. वाईकर डोळ्यांची पापणी न हलवता आमच्याकडे बघत होते.

"मेधाबाई, तुम्ही हसला नाहीत," चहा ओतता ओतता ते म्हणाले.

"मला भीती वाटली."

"कशाची?"

'तुमची' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळून मी म्हटलं, "त्या पगडीवाल्याची. इतकी माणसं मेली, आता पोलीस आले की पहिलं त्यालाच धरतील."

वाईकरांनी बिस्किटांचा डबा उघडला. मग मंदारला एक आणि मला दोन बिस्किटं दिली. परीक्षेचा निकाल तेवढाच लागला.

एकाच जिन्यावर राहिल्यामुळे पुढच्या दोन वर्षांत मला हा माणूस रोज थोडा थोडा दिसत गेला. वाईकर पोहे काट्या-चमच्याने खायचे. मांडीवर नॅपकिन पसरल्याशिवाय पाण्याला हात लावत नसत. सॉसेजच्या या मुलुखात इतकी वर्षं काढून त्यांनी मांसाचा तुकडा तोंडात घातला नव्हता, आणि हे ते आल्यागेल्याला आवर्जून सांगत. लग्न केलेलं नव्हतं. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी हजर, पण बसायचे दाराजवळच्या खुर्चीवर. कोणी गप्पा मारायला आलं की समोरच्याने तोंड उघडायच्या आत हे विचारणार, "कुठले तुम्ही?" मग त्या माणसाचं गाव, त्याची आळी, त्याचा मामा, त्याच्या मामाची शाळा, असं त्यालाच बोलतं ठेवायचे. स्वतःविषयी विचारायला समोरच्याला जागाच उरायची नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माणूस कुठे रडतो ते बघू नये, सगळे एकाच जागी रडतात. कुठे हसतो ते बघावं."

आणि त्यांचा तो जिना! आमच्या बिल्डिंगमध्ये एक लाकडी पाटी होती. ज्याच्या दाराच्या मुठीला ती अडकवलेली असेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा. डॉक्टर असो, शिपाई असो, सुटका नाही. आम्ही मराठी घरं याला फार हसायचो. "आईला फोनवर सांगू नकोस हं, जिना झाडतो म्हणून," अशी मंदारची मला ताकीद होती. वाईकर जिना झाडायचे ते पहाटे, कोणी उठायच्या आत, आणि पूर्ण सुटात. टाय लावून, बूट घालून, कोटाची बटणं लावून. वर कोणाचं दार वाजलं की हातातली झाडू भिंतीशी ठेवून घड्याळाकडे बघत असे उभे राहायचे की जणू टॅक्सीची वाट बघताहेत. तळमजल्यावरच्या फ्राऊ केलर त्यांना 'हेर डोक्टर' म्हणत. ते डॉक्टर नव्हते, पण झाडू हातात असताना कोणी तसं म्हटलं तर त्यांना बरं वाटत असावं. साहेबांना झाडूची लाज वाटते, असं म्हणून आम्ही त्यांच्या मागे खूप हसलो आहोत.

आमचा तिथला पहिला गणपती चर्चच्या हॉलमध्ये होता. हॉल स्वस्त, फक्त कापूर लावला की धुराची घंटा वाजते, म्हणून आरती उघड्या खिडक्यांशी करायची. प्रभुणे नावाचे नवे गृहस्थ हॅनोव्हरहून खास आले होते. गडी गप्पिष्ट, आवाज मोठा. वाईकरांनी नेहमीप्रमाणे "कुठले तुम्ही?" विचारलं आणि प्रभुणे हॉलभर ऐकू जाईल असं ओरडले, "अहो, वाईचा! तुम्ही वाईकर म्हणजे गाववालेच की! कुठल्या आळीतले? गंगापुरी? मधली आळी? वडील काय करायचे?"

मी शेजारीच मोदकांचं ताट घेऊन उभी होते. वाईकरांचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं, यांना झटका आला. "घाटाकडचे," ते म्हणाले. "घाटाकडे कुठे? गणपतीच्या देवळाशी?" प्रभुणे सोडतात कुठले. वाईकरांनी हातातली बशी माझ्या ताटात ठेवली, 'एक फोन करायचाय' म्हणाले आणि हॉलबाहेर गेले. कोट खुर्चीवरच राहिला.

कोट द्यायला मी मागे गेले. ते कालव्याच्या काठी बाकावर बसले होते. समोर कारखान्याची चार धुराडी. मी कोट पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही. वर न बघताच म्हणाले, "तो येतोय का मागे?"

"कोण?"

"वाईचा."

मी नाही म्हटलं, तरी ते माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिले. एवढा मोठा माणूस इतका घाबरलेला मी तोवर पाहिला नव्हता. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले. मग त्यांनी सांगितलं. का सांगितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, कदाचित त्या दिवशी मी हसले नव्हते म्हणून.

त्यांचं आडनाव आधी दुसरं होतं. ते ऐकलं की पाण्याचा पेला वेगळा यायचा. वडील नगरपालिकेत झाडूवाले होते. घाटही झाडायचे, पहाटे, लोक अंघोळीला यायच्या आत, म्हणजे कोणाच्या वाटेत यायला नको. इंजिनिअर झाल्यावर वाईकरांनी रीतसर अर्ज करून आडनाव बदललं आणि गावाचं नाव लावलं.

"खोटं काय सांगितलं मी? वाईचाच आहे. लोक पुढचं आपणच धरून चालतात. वाई म्हटलं की त्यांना वेदशाळा दिसते. मी फक्त गप्प बसलो."

"मग घाबरता कशाला? इतकी वर्षं झाली. हे जर्मनी आहे."

"जर्मनांना सांगितलं तर त्यांना कळतच नाही, मेधाबाई. आमच्या बॉसला एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, 'गेनाऊ, अगदी बरोबर, माझे वडीलही गवंडी होते,' आणि मला बिअर पाजली. ज्यांना कळतं त्यांची भीती वाटते. आणि ज्यांना कळतं त्यांच्यातच जाऊन बसावंसं वाटतं. पिठल्याची गोष्ट कोणाशी बोलू मी? फ्राऊ केलरशी?"

लग्नाचंही तेच. लग्न म्हणजे सोयरीक, सोयरीक म्हणजे चौकशी. मांसाहार सोडला तो कोणी ताटाकडे बघून काही ताडू नये म्हणून. नवं कुटुंब आलं की आधी फोन करून गाव विचारायचं, ते कोणी वाईकडचं तर नाही ना, हे कळावं म्हणून. आणि सिनेमा? तो त्यांनी तरुणपणी इंग्लंडात नोकरीला असताना थिएटरात बघितला होता. लॉर्डाच्या त्या शेवटच्या वाक्याला सगळं थिएटर हसलं. अंधारात शेजारचे दोघे यांच्याकडे वळून बघायला लागले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीपण हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा."

मी कोणाला, अगदी मंदारलाही, काही सांगणार नाही असं मी त्यांना कबूल केलं. त्या दिवसापासून त्यांची भीती थोडी माझ्याकडेही राहायला आली. मंडळात कोणी 'कुठले?' म्हटलं की मीच घाईने विषय बदलायचे. वाईकर तर त्यानंतर कित्येक महिने कार्यक्रमांना आलेच नाहीत. दिवाळीला त्यांच्या दारासमोरून फराळाची ताटं घेऊन आम्ही सगळे खाली-वर करत होतो आणि त्यांचं दार बंद होतं.

त्यांना पुन्हा माणसांत आणलं ते माझ्या सासूबाईंनी.

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीला त्या आमच्याकडे राहायला आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, तोंडाने गोड आणि पायाला भिंगरी. भाषा येत नसताना त्यांनी आठवड्याभरात फ्राऊ केलरकडून गुलाबाची फांदी मिळवली. वाईकर त्यांना जिन्यात भेटले आणि 'वाईकर' हे नाव ऐकताच त्यांचा चेहरा खुलला. लहानपणी त्या आजोळी जाताना वाईला उतरत असत.

"अहो, तुमच्या घाटावर मी पोहायला शिकले!"

मी वरच्या पायरीवर कठडा धरून उभी. आता ही बाई आळी विचारणार! पण सासूबाईंना विचारण्यापेक्षा सांगण्याची हौस जास्त. नदीचं पाणी कसं, पायऱ्या कशा, कुठे शेवाळ असायचं, असं त्या बोलत सुटल्या. वाईकर सुरुवातीला पळायच्या बेतात होते. मग म्हणाले, "तिसऱ्या टप्प्यावर शेवाळ जास्त. तिथे फार घासावं लागायचं." हे ते कसे म्हणून गेले त्यांनाच कळलं नसेल. सासूबाईंनी मान डोलावली, "हो ना! तिथेच मी आपटले होते."

मग रोज संध्याकाळी दोघं कालव्याकाठी फिरायला जायला लागली. सासूबाईंनी केलेली थालीपीठं खाली जायची. "किती हो सुसंस्कृत माणूस," त्या म्हणायच्या, "एकटा राहून घराण्याचं वळण सोडलं नाही." वाईकर हाताने जेवायला लागले, मोठ्याने बोलायला लागले. एकदा तर टाय न लावता दारात आले. मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरायची, कारण हे सगळं कशावर उभं आहे ते मला ठाऊक होतं.

पितृपंधरवडा आला. सासऱ्यांची तिथी बुधवारी पडत होती. सासूबाईंनी ठरवलं की पानावर ब्राह्मण बसलाच पाहिजे. निदान एक. प्रभुणे भारतात गेलेले. मंडळातली बाकीची पोरं काय काय खातात ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

"त्यात एवढा विचार काय करायचा? वाईकर आहेत की खाली!"

"आई, त्यांना बुधवारी ऑफिस असतं," मी घाईघाईने म्हटलं. "आणि ते हे सगळं मानत नाहीत."

"ते मी बघते," म्हणून त्या स्वतः खाली गेल्या. जिन्याच्या कठड्यावरून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "अहो, तुम्ही नाही आलात तर ह्यांचं पान वाढायचं कोणाला? परदेशात मुलाच्या घरी पहिल्यांदा करतेय. ह्यांना उपाशी ठेवू का?" नवरा उपाशी राहील, ही त्यांची भीती अगदी खरी होती.

मंगळवारी दुपारी कपडे वाळत घालायला मी तळघरात गेले तर वाईकर तिथे माझी वाट बघत उभे होते.

"काय करू, मेधाबाई?"

"नाही म्हणा. सर्दी झालीय म्हणा."

"काल खोकला सांगितला. काढा घेऊन आल्या." ते हसायचा प्रयत्न करत होते, पण जमत नव्हतं. "नाही म्हणालो तर 'का' म्हणून विचारतील. आलो तर त्या माझ्या पाया पडतील. सिनेमातल्या त्या तबेल्यातल्या पोऱ्याचं बरं होतं. तो कोण आहे ते लॉर्डाला ठाऊक होतं."

"मी सांगू का त्यांना?"

"नको, नको!" त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. "मग त्या फिरायला येणार नाहीत."

त्यांना वाईकर हे नाव नको होतं, मान नको होता, काही नको होतं. संध्याकाळचं ते फिरणं तेवढं हवं होतं.

बुधवारी सकाळपासून आमचं घर म्हणजे प्रहसन झालं होतं. दर्भ म्हणून मंदार कालव्याकाठचं गवत कापून घेऊन आला. अळू मिळालं नाही म्हणून पालक. मंत्र सीडीवर. पाय धुवायला परात नव्हती म्हणून मंदारने कार धुवायची निळी बादली आणली. कोच भिंतीला लावून जमिनीवर पाट मांडला, समोर पान वाढलं. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी. सासूबाई नऊवारी नेसून, भुकेल्या पोटी, डोळ्यांत पाणी आणून सगळं करत होत्या. मी वडे तळत होते आणि एक वडा धड फुगत नव्हता.

वाईकर आले. सूट, टाय.

"कोट तरी काढा हो," सासूबाई प्रेमाने म्हणाल्या. त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला. पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. ते पाटावर बसले, मोजे काढले, आणि मंदार पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. सीडीवरचे गुरुजी मोठमोठ्याने मंत्र म्हणत होते. मंदारने वाईकरांच्या एका पायावर पाणी घातलं. सासूबाई पदर पसरून नमस्काराला वाकल्या आणि वाकता वाकता सहज विचारलं, "गोत्र कोणतं हो तुमचं?"

वाईकरांनी माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होते. एखादं गोत्र मी खुणेने तरी सुचवावं असं मला वाटत होतं, पण मला त्या क्षणी माझं स्वतःचंसुद्धा आठवेना.

त्यांनी पाय मागे ओढून घेतले. बादली कलंडली.

"काकू, वाकू नका," ते म्हणाले. "माझे वडील तो घाट झाडायचे. शेवाळ घासायला मीही जायचो. आम्ही झाडूवाले. पानावर बसवायचा माणूस मी नाही."

पाणी पाटाखालून पानापर्यंत वाहत गेलं. कोणी पुसायला उठलं नाही. सीडी चालूच होती. सासूबाई अर्ध्या वाकलेल्या होत्या, तशाच भिंत धरून सरळ झाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या चिडल्या नाहीत. त्या घाबरल्या होत्या.

"राग मानू नका हो, वाईकर," त्या अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "माझं काही नाही. पण हे ह्यांचं पान आहे. तुम्ही असं करा, तुम्ही तिकडे टेबलावर बसा. मी तिथे वाढते."

"टेबलावर?" वाईकर म्हणाले.

"हो. टेबलावर."

आणि वाईकर हसायला लागले. दोन वर्षांत त्यांना मी एकदाही हसताना पाहिलं नव्हतं. ते पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "टेबलावर, मेधाबाई! ऐकलंत का? मला टेबल मिळालं!" मंदारला काही कळत नव्हतं, तो तांब्या घेऊन गुडघ्यांवर तसाच. सासूबाई तर भिंतीला चिकटल्या. मला ते हसणं ऐकवेना, इतकी भीती वाटली.

हसणं ओसरल्यावर ते उठले, ओल्या पायांनी टेबलाशी गेले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी नॅपकिन मागितला नाही. मी वाढलं. कढी टेबलावर सांडली. ते हाताने, सावकाश, सगळं जेवले. खीर दुसऱ्यांदा मागून घेतली. चार खुर्च्यांच्या टेबलावर ते एकटे, आणि जमिनीवर सासऱ्यांचं पान, समोर रिकामा ओला पाट. त्यावर कोणी बसलं नाही. जेवण झाल्यावर वाईकरांनी माझ्याकडून कोट घेतला, तो खांद्यावर टाकला आणि सासूबाईंना म्हणाले, "कढी आमच्या आईसारखी झाली होती, काकू." मग गेले.

सासूबाई फिरायला जायच्या बंद झाल्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या. "ह्यांना पोचलं असेल का ग?" असं मला विचारायच्या, आणि मग जरा थांबून, "त्यांनी खीर मागून घेतली ना?" या दोन प्रश्नांपैकी कुठला त्यांना जास्त छळत होता ते मला सांगता यायचं नाही. खालच्या दारावरून जावं लागू नये म्हणून त्या बाहेरच पडेनात. मंडळात बातमी पसरायला दोन दिवस लागले. आता गंमत अशी झाली की वाईकर समोरून आले की मंडळीच रस्ता ओलांडायला लागली. काय बोलायचं याची सगळ्यांनाच भीती. सिनेमाला किती मोठ्यांदा हसलो होतो ते ज्याचं त्याला आठवत असणार.

परतीच्या विमानाच्या आदल्या रविवारी मीच सासूबाईंना बळेच बाहेर काढलं. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. जिन्याच्या खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलं होतं. आम्ही दार ओढून घेतलं, दोन पायऱ्या उतरलो आणि थांबलो.

खालच्या पायरीवर वाईकर होते. पाटी त्यांच्या दाराला होती. अंगात कोट नव्हता, टाय नव्हता. बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, अनवाणी पाय, हातात फडकं आणि शेजारी बादली. सगळ्यांना दिसेल असे, भर उजेडात, ते जिना पुसत होते. खाली दारात फ्राऊ केलर 'गुटेन मॉर्गन, हेर डोक्टर' म्हणाल्या, तेव्हा त्यांनी फडकं लपवलं नाही. नुसती मान हलवली.

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता बाजूला होतील, भिंतीशी सरकून वाट देतील. सासूबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी एक पाय पुढे टाकला.

"थांबा, काकू," वाईकर म्हणाले. "ओलं आहे. घसराल."

ते जागचे हलले नाहीत. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि पुढची पायरी पुसायला घेतली. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात त्या दिवशी तळघरात माझं मनगट धरणाऱ्या वाईकरांच्या हातासारखाच गार होता. पुढे महिन्याभरात मंदारला उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात नोकरी मिळाली आणि आम्ही वोल्फ्सबुर्ग सोडलं, त्यामुळे वाईकर माझ्या डोळ्यांसमोर राहिले ते तसेच. आम्ही वर उभ्या होतो, आणि ते खाली एकेक पायरी, कोपरे काढून, अगदी सावकाश पुसत होते.

ते उठेपर्यंत आम्ही थांबलो.